करंगळीनं उचललं पाह्यजे

कोणाचीही बॅग दिसली की आमच्या मॅडम तिच्या बंदात करंगळी अडकवतात आणि वर ओढतात. बॅग उचलली गेली तर ठीक. नाही उचलली तर बॅगेच्या मालकाकडे असं बघतात, की त्यानं आत कोणाचा मुडदाच भरला आहे. "करंगळीनं उचललं पाह्यजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "नाई तं ते सामान नोहे, बिऱ्हाड हाय." नेरच्या बसस्टँडवर त्यांनी अनोळखी माणसांच्याही बॅगा अशा उचलून पाहिल्या आहेत. एकदा एकजण "चोर, चोर" करून ओरडला, तर त्याच्यावरच उखडल्या. "एवढं वजन चोरून मले कंबर मोडून घ्याची हाय का?"

मॅडम पंचायत समितीतून क्लार्क म्हणून निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची आमच्या कॉलनीत कोणाची टाप नव्हती, म्हणून प्रत्येकानं आपापलं कारण ठरवून टाकलं. त्यांचं घर माझ्या घरासमोर. माझ्या पुढच्या खोलीत माझं शिवणकामाचं दुकान आहे, ब्लाऊज, फॉल-पिको, जुन्याचं नवं. दुपारी जेवण झालं की मॅडम येऊन माझ्या कटिंगच्या टेबलाशी बसतात आणि गिऱ्हाईक गेलं की तिच्या ब्लाऊजच्या गळ्यावर मत देतात. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबतात, हेच उपकार.

नोकरीत असताना त्यांना पुण्याला ट्रेनिंगला पाठवलं होतं. बाकीच्या बायका ट्रंकाच्या ट्रंका घेऊन उतरल्या, आणि या खांद्याला एक कापडी थैली लावून. साहेबानं विचारलं, "मॅडम, तुमचं सामान?" मॅडम म्हणाल्या, "मी ट्रेनिंगले आली साहेब, संसार कराले नाई." हा किस्सा त्या स्वतःच सांगतात आणि स्वतःच हसतात. दर वेळी साहेब थोडा जास्त घाबरलेला असतो.

तर अशा या बाईनं मागच्या गणपतीनंतर जाहीर केलं, की मी दुबईला चालली. यवतमाळच्या एका टूरवाल्यासोबत, पाच दिवस.

कॉलनीला हे पचेना. एकटी बाई, साठी उलटलेली, आणि दुबई? कोपऱ्यावरच्या काकू म्हणाल्या, "फिराचंच हाय तं कळंबले जा ना वं. चिंतामनीचं दर्शन होते, संध्याकाळी घरी." मॅडम म्हणाल्या, "चिंतामनीले मी लहानपनापासून पाहून राह्यली. आता जरा उंच बिल्डिंग पाह्यतो."

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे परकर घेऊन आल्या. आतून चोरखिसा पाहिजे, चेनवाला, पासपोर्ट मावेल असा. मी लावून दिला. म्हटलं, पण मॅडम, पासपोर्ट दर ठिकाणी दाखवावा लागतो म्हणे. मग काय विमानतळावर सगळ्यांसमोर साडी वर करणार? मॅडमनी परकराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मंग तिथला साहेब पुढं कोनाले अडवनार नाई, बस." शेवटी खिसा काढून मी त्यांच्या ब्लाऊजला बाहेरून लावून दिला. शर्टासारखा.

सामान काय, तर दोन साड्या, त्यातली एक अंगावर. साबणाची घासून संपत आलेली चिपटी. ब्रशचा दांडा अर्धा मोडलेला, कारण "दात दांड्यानं घासतो का आपन?" टॉवेल नाही. टॉवेलाऐवजी जुन्या मऊ लुगड्याचा तुकडा, जो रात्री पांघरायलाही चालतो. बॅग इतकी हलकी, की मीही करंगळीनं उचलली आणि मलाच कसंतरी झालं.

पण आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. गावातलं कोणी मुंबईला निघालं तरी त्याच्या हाती चार पिशव्या दिल्याशिवाय सोडत नाहीत, मग ही तर दुबई. कॉलनीतली तीन पोरं तिकडे. काकूंनी लोणच्याची बरणी आणली, कुरोड्या आणल्या, मुंगवड्या आणल्या. पलीकडच्या वहिनींनी तिखटाचा भुरका आणि वर्षभराची तुरीची डाळ. मला वाटलं, आता मॅडम करंगळी काढतील आणि सगळ्यांना हाकलतील. पण नाही. हसून हसून सगळं घेतलं. "ठेवा, ठेवा. नेतो ना."

तिसरं पोरगं माझं.

ते एका गोदामात कामाला आहे. जाताना बापलेकांचं वाजलं. आमच्या ह्यांचं म्हणणं, गावाकडचं बोरी अरबचं वावर, आपली शेती, कोण पाहणार? त्याचं म्हणणं, मी पाहणार नाही. हे रागाच्या भरात बोलून गेले, "गेला तं पुन्हा हा उंबरठा चढू नोको." आणि त्या गाढवानं ते खरं धरलं. दोन वर्षं झाली, घरी येणं नाही. मला महिन्याकाठी एक मेसेज येतो, "बरा आहे." फोन केला तर उचलत नाही. आवाज ऐकला की आई रडते आणि आई रडली की आपल्याला यावं लागतं, हे त्याला पक्कं ठाऊक. आता सांगा, दोन शब्दांच्या मेसेजवर आई जगते का? आणि हे घरात त्याचं नाव काढू देत नव्हते. बाप तसा बेटा, दोघंही एकाच दगडाचे.

मी तिळाचे लाडू केले आणि एक शर्ट शिवला. माझ्याकडे त्याचं माप होतंच. मॅडमच्या हातात दिलं आणि म्हटलं, "बाकी काही नको, फक्त त्याले डोळ्यानं पाहून या. अन् विचारा, कधी येतेस म्हून." मॅडमनी मान हलवली.

त्या गेल्या त्या संध्याकाळी मी त्यांच्या तुळशीला पाणी घालायला किल्ली घेऊन गेले. बैठकीत दिवाणावर पाहते तर काय! बरणी, कुरोड्या, डाळ, भुरका, सगळं ओळीनं मांडलेलं. आणि शेवटी माझा लाडवांचा डबा, त्यावर घडी केलेला शर्ट.

माय वं! माझ्या अंगाची अशी लाही झाली म्हणता! म्हातारीनं आम्हा सगळ्यांच्या तोंडाला पानं पुसली. नेता येत नव्हतं तर नाही म्हणायचं होतं. फोन लावला तर बंद. काकूंना सांगावं तर गावभर तमाशा. ते पाच दिवस मी तुळशीला पाणी घातलं, पण शिव्या देत देत घातलं. दोन ब्लाऊजच्या बाह्या उलट्या लागल्या माझ्या हातून.

मॅडम आल्या तशी मी तरातरा गेले. चप्पलही काढली नाही.

"एवढासा शर्ट जड झाला व्हय तुम्हाले?"

"बस," मॅडम म्हणाल्या.

"मले नाई बसाचं."

"मंग उभी राह्य, पन आइक. तिथं सारंच भेटते. लोनचं, पापड, भुरका, आपल्याकडच्यापेक्षा लाल. मी एका दुकानातून घेतलं, स्टीलच्या डब्यात भरलं अन् पोट्ट्याइले नेऊन देलं. म्हनलं, तुह्या मायनं पाठवलं."

खरंच तसंच झालं होतं. त्याच संध्याकाळी काकूंच्या पोराचा फोन आला, आई, तुझ्या हातची चव म्हणजे चव! काकू डोळे पुसत अख्ख्या कॉलनीला सांगत फिरल्या. पुढं एकदा मॅडमनी जेवायला बोलावून तेच काकूंचं लोणचं काकूंच्याच ताटात वाढलं. काकूंनी चाखलं, तोंड वाकडं केलं आणि विचारलं, "कोनाच्या घरचं हाय वं हे? मीठ जरा जास्तच हाय." मी पदर तोंडात कोंबून उठले. आता हे तुम्हालाही कळलं, तर आमच्या कॉलनीत कधी आलात तर कृपा करून तोंड बंद ठेवा.

पण त्या दिवशी मला हसू कुठून येणार? मी म्हटलं, "अन् माह्या पोराले काय देलं?"

"काहीच नाई."

"काहून?"

"लाडू देले असते तं त्यानं खाल्ले असते, डबा धुऊन ठेवला असता अन् मेसेज केला असता, लाडू भेटले. झालं." मॅडमनी त्यांची ती बॅग पुढं ओढली. "लोक मले इचारते, बॅग रिकामी कायले नेतेस. अवं, येताना जागा नोको?"

बॅगेत माझ्या पोराचे कपडे होते. दोन पँटी आणि एक शर्ट. चेन तुटलेली, खिसा उसवलेला, पायाशी झिजलेलं.

"त्याच्या खोलीवर गेली," मॅडम सांगत होत्या. "मले पाहून उठून उभा राह्यला. बाप कसा हाय, हे पह्यले इचारलं बरं त्यानं, तू नंतर. मी म्हनलं, फाटकं काय काय हाय ते काढ. दुरुस्त होईन. पन मी आनून देनार नाई. येऊन घेऊन जा. कपडे आपल्या घरी राह्यले हायेत, हे मानूस विसरत नाई."

हे मला काही पटलं नाही. कारण मी शिवणवाली आहे. माझ्या दुकानात चार-चार वर्षांचे ब्लाऊज पडून आहेत, बायका विसरतातच. पण तोवर मी पँट उलटी करून पाहिली होती. कंबर आत घेतलेली होती. हातानं. चांगली बोट-बोटभर, दोन्ही बाजूंनी. पोरगा लहानपणी मशीनजवळ बसून माझ्याकडे तुरपाई शिकला होता, आतल्या बाजूनं, बाहेर टाका दिसू न देता. तीच ती तुरपाई. किती वाळला होता ते त्या कंबरेनं सांगितलं. मी पँट तोंडाला लावून रडले, आणि मॅडम उठून उगीचच तुळशीपाशी गेल्या.

मी कपडे नीट केले. कंबर सोडवली आणि शिवणीत आत दुमडलेली माया भरपूर ठेवली, पुढं अंग धरेल म्हणून. मग ते दुकानात गिऱ्हाइकांच्या कपड्यांत टांगून ठेवले. त्याचा मेसेज आला, "पँट झाली का?" मी लिहिलं, "झाली. येऊन घेऊन जा." पुढं उत्तर नाही.

एक दिवस हे दुकानात आले, कातर पाहिजे म्हणून. कातर समोर होती, पण ह्यांची नजर खुंटीवर. "हे कोनाचं?"

"गिऱ्हाइकाचं."

ह्यांनी पँट काढली. पायाचा काठ उलटवला. तिथली पोराच्या हातची जुनी तुरपाई मी उसवली नव्हती. हे किती तरी वेळ अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "गिऱ्हाइकाले तुह्यासारखी तुरपाई येते?"

आणि कातर न घेताच गेले. रात्री जेवले नाहीत. दोन दिवसांनी मी खिडकीतून पाहिलं, हे मॅडमच्या फाटकाशी उभे. आयुष्यात कोणापुढं मान न वाकवलेला माणूस, टोपी हातात घेऊन. "मॅडम, पासपोर्टले काय काय लागते?"

पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, सगळं मॅडमनी केलं. सामानही त्याच भरणार होत्या, पण ह्यांनी आधीच भरून ठेवलं. डाळीची गोणी, गहू, दोन ब्लँकेट आणि घोंगडी. "तिथं पोट्टा झोपते कशावर, काय मालूम!" मॅडमनी करंगळी लावली. बॅग हलली नाही. मॅडम ह्यांना म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही पोराले भेटाले जाऊन राह्यले का त्याच्या घरात वावर पेराले?" आणि एकेक वस्तू बाहेर काढायला लागल्या. हे लहान पोरासारखे बघत होते. तळाशी फडक्यात बांधलेले ओल्या तुरीचे दाणे, सोले, निघाले, ह्यांनी त्या पहाटे बोरीच्या वावरातून स्वतः तोडून, स्वतः सोलून आणलेले. मॅडमनी गाठ सोडली, वास घेतला. गाठ पुन्हा बांधली. "हे राहू द्या," म्हणाल्या, आणि ते पोराच्या शिवलेल्या पँटींच्या मधे ठेवले.

काल सकाळी अकराच्या सुमाराला मशीनवर होते तेव्हा फोन वाजला. मेसेज नाही, फोन. दोन वर्षांनी त्याचा आवाज.

"आई, बाबाले काही तरी सांग ना वं! आल्यापासून भांडून राह्यले. म्हनते, तेल असं नसते घालत, सोल्याची भाजी मी करतो. माह्या गॅसवर ते उभे हायेत अन् मले कांदा कापाले लावला!"

मागून ह्यांचा आवाज आला, "बारीक काप रे, बारीक!"

मी विचारलं, "पँट बसली का?"

"ढिल्ली होते आई." मग म्हणाला, "राहू दे. होईन बरोबर. पोळ्याले येतो."

मी रडले. त्यानं फोन ठेवला नाही.

नंतर मी तशीच समोर धावले. फाटकाला कुलूप. आनंदाच्या भरात विसरलेच होते, मॅडम चार दिवसांपूर्वी श्रीलंकेला गेल्या. मला धीर नव्हता. रिचार्ज जाऊ दे खड्ड्यात, म्हणून तिथंच फाटकाशी उभी राहून त्यांना फोन लावला.

आणि घराच्या आत घंटी वाजली. बाईनं या वेळी फोनसुद्धा वजन म्हणून घरी ठेवला होता!

मी फोन कापला नाही. आत घंटी वाजत होती. मी बाहेरून ओरडून सांगितलं, "मॅडम, येऊन राह्यला वं तो! पोळ्याले येऊन राह्यला!" काकू त्यांच्या दारातून पाहत होत्या, हिला काय झालं म्हणून. घंटी वाजून वाजून थांबली. मी पुन्हा लावला.