खारफुटीतलं पाखरू

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, बसलेलं पाहिलंय असं शपथेवर सांगणारा माणूस अख्ख्या कळंब्यात मिळायचा नाही. जेवण उभ्यानं, पेपर फेऱ्या मारत. माझ्या लग्नात कन्यादानाच्या पाटावर टेकले न टेकले तोच आचाऱ्याकडं रस्सा बघायला पळाले!

त्यात धाकटी मेव्हणी कोलंबियाला गेली, समुद्रकाठी खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या खारफुटीचा अभ्यास करायला. तिनं तिथल्या एका हमिंगबर्डचा व्हिडिओ पाठवला. अंगठ्याएवढा जीव, पाठ हिरवीगार, पोट निळंशार, राहणार फक्त त्या खारफुटीत, आणि फुलासमोर पंख भिरभिरवत हवेतच उभा. आप्पा खूश! "बघा पावणं, ह्ये बी बसत न्हाय!" दूध डेअरीपासून एसटी स्टँडपर्यंत एक माणूस तो व्हिडिओ पाहिल्याशिवाय सुटला नाही.

मग असलं पाखरू आपल्याकडंही येईल म्हणून अंगणातल्या जास्वंदीला त्यांनी बाटली टांगली. आत गुळाचं पाणी. उभा जन्म गुऱ्हाळावर गेलेला, घरात साखरेला बंदी. मुंग्या आल्या, गांधीलमाश्या आल्या, शेजारची म्हैससुद्धा येऊन चाटून गेली.

मेव्हणी फोनवर ओरडली, "आप्पा, गूळ नका घालू, पाखराला बाधतो! साखर लागते. आणि ही पाखरं आपल्याकडं न्हाईतच."

"गूळ सोसत न्हाय? मग ते पाखरू कसलं?" आप्पा दोन दिवस तणतणले. तिसऱ्या दिवशी गुपचूप किलोभर साखर घेऊन आले.

मी पोट धरून हसलो. बायको मात्र रडली. तिच्या बहिणीला तिथं कायमची नोकरी मिळत होती, महिनाअखेर काय ते कळवायचं होतं. आणि साऱ्या गल्लीवर खेकसणाऱ्या या माणसाला लेकीला "परत ये" म्हणता येत नव्हतं. फोन आला की एकच, "पाखरू बरं हाय न्हवं?"

परवा रविवारी अंगणात येरझारा घालत त्यांनी तिला फोनवर विचारलं, "ती खारफुटी सोडून दुसरीकडं ऱ्हाईल का गं ते?"

"न्हाय आप्पा. ते हितलंच. मीबी नोकरी घेतली. पण दिवाळीला येतोय. पंधरा दिवस."

आप्पा जास्वंदीखाली बसले. चक्क मातीत, मांडी घालून.

"पंधरा तर पंधरा," म्हणाले, "साखर हाय घरात."

मग बराच वेळ ते उठलेच नाहीत.