शूटिंगवाल्या काकांची एकच फिल्म

भर मुहूर्तावर गुरुजींना "एक मिनिट थांबा" म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, ते म्हणजे आमचे शूटिंगवाले काका. मंगलाष्टका संपलेल्या असायच्या, बँड सुरू झालेला असायचा, नवरीच्या हातातला हार निम्मा वर गेलेला असायचा आणि काका खुर्चीवर चढून ओरडायचे, "ताई, हार मागे घ्या! नवरदेवाचा चेहरा झाकला." आणि ताई मुकाट्याने हार मागे घ्यायच्या. गुरुजी रागाने बघायचे, पण तेही थांबायचे. आमच्या लेकीच्या लग्नात तर काकांनी माझ्या नवऱ्याला कन्यादानाचं पाणी दुसऱ्यांदा सोडायला लावलं होतं.

इंदिरानगरात एका इमारतीच्या जिन्याखाली त्यांचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक संगणक, दोन खुर्च्या आणि भिंतीवर निळा पडदा. वयाने ते माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठे असतील, पण सगळी कॉलनी त्यांना काका म्हणे, म्हणून मीही म्हणायचे. ते मला मॅडम म्हणायचे, कारण मी शाळेत चित्रकला शिकवायचे. मी निवृत्त झाले तेव्हा वेळ जाईना. एका कार्यशाळेत जाऊन छोटा माहितीपट कसा करतात ते शिकून आले आणि एकदम डोक्यात घेतलं की आपणही एक करायचा. कॅमेरा भाड्याने मिळेल का, असं विचारायला काकांकडे गेले.

"कॅमेरा देत नाही. मीच येतो," काका म्हणाले.

मला कळेना. मग त्यांनीच विचारलं, "लेकीच्या लग्नाचा व्हिडिओ बघितलात का?" मी म्हटलं, बघितला की! काका हसले. "मुंडावळ्या बांधेपर्यंत ना? सगळे तेवढाच बघतात. जन्मभर लग्नं काढली मॅडम, पण माझं काम शेवटपर्यंत बघितलेला माणूस मला अजून भेटला नाही. तुमची ही फिल्म लोक खुर्चीत बसून बघणार ना? अंधार करून? मग मी येतो. मला एकदा बघायचंय, लोक शेवटपर्यंत बसतात का." हे त्यांनी हसत हसत सांगितलं, पण सांगताना लेन्स पुसणारा त्यांचा हात थांबला होता. त्या दिवसापासून ही फिल्म माझी कमी आणि त्यांची जास्त झाली.

माझा विषय ठरलेला होता. पेठकडच्या डोंगरातून निफाडला द्राक्षाच्या बागांत कामाला येणाऱ्या बायका. त्यातल्या एक सुमनबाई. दिवाळीनंतर यायच्या, बागेतल्या पत्र्याच्या खोलीत राहायच्या आणि शिमग्याला घरी जायच्या. मी सगळा आराखडा कागदावर काढला होता. पहिलं दृश्य काय, दुसरं काय, सुमनबाई कुठल्या प्रश्नाला काय उत्तर देतील, इथपर्यंत. काकांनी तो उभ्या उभ्या वाचला आणि परत दिला. "ही लग्नपत्रिका झाली, मॅडम. लग्न वेगळंच होतं."

शहाणपणाचं बोलायचे खरे, पण स्वतःची खोड त्यांना सोडता येत नव्हती. पहिल्याच दिवशी बागेत गेलो तर काकांनी काम करणाऱ्या सगळ्या बायकांना एका ओळीत उभं केलं, उंच बायकांना मागे पाठवलं आणि म्हणाले, "इकडे बघा, थोडं हसा." बायकांनीही डोक्यावर पदर घेतले. सुमनबाई तेवढ्या कात्री हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "दादा, लगीन कोनाचं हाय?" सगळ्या बायका फिदीफिदी हसायला लागल्या. काका आधी ओशाळले आणि मग त्यांच्याहून जोरात हसले. तिथून त्यांची आणि सुमनबाईंची गट्टी जमली.

खरं भांडण झालं ते जेवणाच्या सुट्टीत. बायका वेलींच्या सावलीत रांगेने बसल्या, फडक्यातून नागलीच्या भाकरी निघाल्या, आणि काका कॅमेरा घेऊन रांगेच्या एका टोकाला वाकले. एकेकीसमोर थांबायचं, ती घास थांबवून, तोंड पुसून कॅमेऱ्याकडे बघेपर्यंत थांबायचं, मग पुढे सरकायचं. मी म्हटलं, "काका, आपली फिल्म सुमनबाईंवर आहे. हे सगळं कशाला?" त्यांनी मान वर न करता सांगितलं, "पंगत सोडायची नाही, मॅडम. पंगतीत ज्याला सोडाल, तो वर्षभर बोलत नाही." मी चिडले. ही काय बस्ता बांधून आलेली वऱ्हाडी मंडळी होती का? पण काका रांग संपवूनच उठले. शेवटी बसलेलं मुकादमाचं कुत्रंसुद्धा त्यांनी सोडलं नाही.

आम्ही मग दर आठवड्याला निफाडला जात राहिलो. काका कॅमेरा मांडीवर घेऊन माझ्या गाडीत पुढच्या सीटवर बसायचे. मधूनच डावा हात पोटावर दाबायचे. विचारलं की म्हणायचे, "पित्त आहे. लग्नातलं जेवण बाधतं." पौषात लग्नं नव्हती तरी हात पोटावरच असायचा. शिमग्याला सुमनबाई घरी निघाल्या, पिकअपमध्ये बसल्या, आणि काकांनी तो शेवटचा प्रसंग टिपला. पिकअप वळणाआड गेल्यावर ते बांधावर बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. घरी आल्यावर पाहिलं तर ते चित्रीकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत हलत होतं. "टाकून द्या," काका म्हणाले. त्यांना स्वतःची लाज वाटत होती. मी टाकलं नाही. माझ्याकडे दुसरं होतंच काय?

संकलन आम्ही त्या जिन्याखालच्या खोलीत केलं. तिथेही वाद. सुमनबाईंचा चेहरा आला की काकांना वरून गुलाबाच्या पाकळ्या पाडायच्या असायच्या. पिकअप निघाली की सनई लावायची असायची. मी म्हणायचे, "काका, ही पाठवणी नाही." ते म्हणायचे, "मग काय आहे?" एकदा तर रुसून घरी निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले, स्वतःच पाकळ्या काढून टाकल्या, आणि म्हणाले, "तुमच्या मुलाखतीपण काढा मग. शाळेची परीक्षा वाटते." ते बरोबर होतं. मी विचारलेल्या प्रश्नांना सुमनबाई वर्गात उभं केल्यासारख्या उत्तरं देत होत्या. ते सगळं गेलं. आणि गाळून गाळून जे उरलं, त्यात आमच्या फिल्मच्या अगदी मधोमध ती पंगत उरली. एकेक बाई घास थांबवते, तोंड पुसते आणि सरळ तुमच्याकडे बघते. कुणीच सुटलेली नाही. मी ते पहिल्यांदा सलग पाहिलं आणि माझा आराखड्याचा कागद फाडून टाकला. काका म्हणाले, "बघा, पंगत सोडली नाही ते बरं झालं," आणि चहा सांगायला गेले.

त्यांच्या पोटात गाठ आहे आणि ती पसरली आहे, हे मला त्यांनी सांगितलं नाही. काकूंनी फोन करून सांगितलं. मी धावत गेले तर काका पलंगावर बसून होते. मला बघून पहिला प्रश्न, "तारीख कळली का?" नवशिक्यांच्या फिल्म्स दाखवणारा एक गट आमची फिल्म घेणार होता, त्याची तारीख. मी म्हटलं, "काका, मी लॅपटॉप आणलाय, आपण इथेच बघू." त्यांनी मान हलवली. "मी काय करू बघून? लोकांनी बघायचंय. तोवर टिकलो म्हणजे झालं."

ते टिकले. वाचनालयाच्या छोट्या सभागृहात मी आणि माझ्या नवऱ्याने त्यांना दोन्ही बाजूंनी धरून नेलं. शर्ट अंगावर लोंबत होता. पहिल्या रांगेत त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती. त्यांनी ती उचलायला सांगितली, पडद्याच्या बाजूला भिंतीशी ठेवायला लावली आणि पडद्याकडे पाठ करून लोकांकडे तोंड करून बसले. मी कानात म्हटलं, "काका, फिल्म मागे आहे." ते म्हणाले, "माहितीय मला." दिवे गेले. पडद्याचा उजेड लोकांच्या तोंडावर पडत होता आणि काका एकेक चेहरा बघत होते. स्वतःचं एकही चित्र त्यांनी त्या दिवशी पाहिलं नाही. मध्येच एक माणूस फोन कानाला लावून उठला. वाटलं, आता सगळेच उठणार. तेवढा एकच उठला. टाळ्या झाल्या, दिवे लागले. काकांना उठवायला गेले तर त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

परत येताना गाडीत मी म्हटलं, "तो एक माणूस मध्येच गेला, काका. वाईट नका वाटून घेऊ." ते म्हणाले, "गेला कुठे? दारात उभा राहून बोलत होता, डोळे पडद्यावर होते त्याचे. फोन ठेवून परत येऊन बसला." मग थोड्या वेळाने, "सगळ्यांनी बघितली, मॅडम."

श्रावणात काका गेले. मला माझा सख्खा भाऊ गेल्यासारखं झालं, आणि हे कुणाला सांगायचं तर नातं काय सांगणार, हेही कळत नव्हतं. दिवस झाल्यावर काकूंचा फोन आला. स्टुडिओ रिकामा करून द्यायचा होता, मला काही हवं असेल तर घेऊन जा, म्हणाल्या. मी गेले. निळा पडदा उतरवून घडी घालून ठेवला होता. संगणक अजून जोडलेला होता. काकू त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "तुमची ती फिल्म यात आहे का हो?" त्या दिवशी घरी पाहुणे आले होते म्हणून त्या सभागृहात येऊ शकल्या नव्हत्या.

मी फिल्म लावली. काकू काकांच्या खुर्चीत बसल्या. शेवटी सुमनबाई पिकअपमध्ये चढल्या, चित्र हलायला लागलं, तेव्हा काकूंनी दोन्ही हात घट्ट धरून मांडीवर ठेवले. फिल्म संपली. पडदा काळा झाला तरी त्या बघतच होत्या.

"घरी टीव्हीवर रोज त्यांनी काढलेली लग्नं चालू असायची," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, लोकांची लग्नं, मी काय बघू? मी आपली स्वयंपाकात. पण त्यांनी कधी म्हणायचं तरी ना, बस दोन मिनिटं."

मला रडू आवरलं नाही. काकू मात्र रडल्या नाहीत. त्यांनी पदर नीट केला, खुर्ची थोडी पुढे ओढली आणि म्हणाल्या, "पुन्हा लावता का? पहिल्यापासून."

मी लावली आणि त्यांच्याशेजारी बसले.