झाकणावरचं स्वस्तिक

माझ्या मोटारसायकलला मेकॅनिकचा हात कधी लागला नाही, कारण मी लागूच दिला नाही. (गाडीचं यावर काय मत होतं, ते मी विचारलं नाही.)

त्र्याण्णवचा दसरा. नेरुळच्या आमच्या सोसायटीत सगळ्यांनी गाड्यांना हार घातले, कुंकवाची बोटं लावली. असलं कुंकू दोन दिवसांत पुसलं जातं. आपलं काम पक्कं! मी पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर कुंकवाचं ऐसपैस स्वस्तिक काढलं आणि वर बायकोचं नेलपॉलिश दोनदा फिरवलं. चावीचं भोक तेवढं शिताफीनं सोडलं. शेजारी टाचणीएवढं आणखी एक भोक होतं. ते कारखान्यात चुकून पडलं असणार, म्हणून तेही बुजवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता माझ्या मेहुण्याची, सुधीरची, तळोज्याच्या एका कारखान्यात मुलाखत होती. फिटरची जागा. पोरगा साताऱ्याहून आला होता, दोन ठिकाणचे नकार पचवून.

"दाजी, मी बसनं जातो की."

"येड्या, घरची गाडी असताना बस? अर्ध्या तासात सोडतो."

"वेळेत पोचवा हो त्याला," बायको म्हणाली. "या खेपेला तरी त्याचं होऊ दे." तिचे डोळे भरून आले होते. मी ऐटीत किक मारली.

बेलापूरला गाडीनं दोन आचके दिले आणि थांबली. मी झाकण उघडलं, टाकी हलवली. पेट्रोल डुचमळत होतं. "टेन्शन नको घेऊ, प्लग असणार." प्लग काढला, पुसला, लावला. एका किकमध्ये चालू! "बघितलंस?"

खारघरला पुन्हा थांबली. तेव्हा तिथे गवत आणि म्हशी, बाकी काही नाही. परत झाकण उघडून पेट्रोल बघितलं. "पायपात कचरा आहे." पाईप तोंडानं ओढला. कचरा आला नाही, पेट्रोल आलं, आणि त्यातला एक घोट थेट पोटात गेला. पण गाडी चालू झाली. "दुखणं मुळापासून काढलं बघ," मी ढेकर देत म्हणालो.

कळंबोलीच्या अलीकडे तिसऱ्यांदा. दहाला दहा कमी. मी टाकीचं झाकण उघडून बघितलं, मग कार्बोरेटरला हात घातला आणि सगळे स्क्रू सुधीरच्या तळहातावर ठेवले. त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर काळे डाग पडत होते.

"दाजी, एक बोलू? तुम्ही झाकण उघडलं की गाडी चालू होतीय."

"झाकणाचा काय संबंध? तू स्क्रू सांभाळ."

त्यानं स्क्रू माझ्या खिशात ओतले, झाकण उलटंपालटं करून पाहिलं आणि सेफ्टी पिननं ते बारीक भोक कोरलं. लाल पापुद्रा निघाला. "टाकीत हवा जायची वाट आहे ही. हवा आत गेली नाही तर पेट्रोल खाली येत नाही. कुणी बुजवली?"

"असतात काही गाढवं," मी म्हणालो.

सुधीरनं स्वस्तिकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि घरच्या संस्कारांना स्मरून फक्त स्क्रू परत मागितले. कार्बोरेटरही मग त्यानंच बसवला.

पंधरा मिनिटं उशीर झाला. साहेबांनी कारण विचारलं, त्यानं काळे हात दाखवून सगळं खरं सांगितलं. साहेब पोट धरून हसले आणि त्याला मशीन दुरुस्तीच्या खात्यात घेतलं. संध्याकाळी बायको पेढे वाटत "आमच्या ह्यांनी नेलं म्हणून!" असं सोसायटीभर सांगत होती. मी अडवलं नाही.

पुढच्या दसऱ्याला कारखान्यात मशीनची पूजा होती. सुधीर आम्हाला मोठ्या हौसेनं घेऊन गेला, साहेबांशी ओळख करून दिली. "अच्छा, हेच का ते दाजी?" म्हणत साहेबांनी माझ्या हातातलं कुंकवाचं ताट अलगद काढून घेतलं.

"तुम्ही नुसतं फूल वाहा," ते म्हणाले. "लांबून."