माझ्या पिंपातला मलेरिया

“व्हायवॅक्स मलेरिया,” परळच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. “काकू, हिला सातवा महिना आहे. आजच अ‍ॅडमिट करू.”

श्रद्धा, माझी लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, लालबागला आमच्या चाळीत. सासरहून धडधाकट आली आणि तीन आठवड्यांत थंडीने दात वाजायला लागले. मी शहाणीने दोन दिवस काढा पाजला. तुमच्या घरी गरोदर बाईला असा ताप आला तर काढ्याच्या नादी लागू नका, त्याच दिवशी रक्त तपासा.

क्लोरोक्विनच्या गोळ्यांनी ताप उतरला. पण या मलेरियाचे जंतू यकृतात झोपून राहतात आणि महिन्यांनी उठतात. त्याला रिलॅप्स म्हणतात. झोपलेल्यांना मारणारं प्रायमाक्विन पोटुशीला चालत नाही. म्हणून बाळंत होईपर्यंत आठवड्याला क्लोरोक्विन घ्यायचं आणि बाळाच्या जिवाचा घोर लावून घ्यायचा.

“लस नाही का हो यावर?” मी विचारलं.

“याच्यावर नाही अजून. आफ्रिकेतल्या मुलांना देतात ती दुसऱ्या जातीच्या मलेरियावर.” मग त्यांनी टी सेल समजावल्या. या आपल्या रक्तातल्या लढाऊ पेशी. जंतू यकृतात असतो तेव्हा त्या त्याला ओळखून मारू शकतात, तांबड्या पेशीत शिरला की त्यांना तो फारसा दिसत नाही. “यकृतातच गाठायला शिकवणारी लस हवी. काम चालू आहे, काकू.”

चालू आहे! माझ्या आजीला हाच हिवताप, आईला हाच. हा रोग मोठ्या घरांतून फिरला असता तर एव्हाना लस निघाली असती, असं माझं मत आहे. ते चूक असेल तर असो.

त्याच आठवड्यात पालिकेचा डासांच्या अळ्या तपासणारा माणूस चाळीत आला. चाळीमागच्या रिडेव्हलपमेंटच्या खड्ड्यात पाणी साचलंय, ते बघा, म्हणून मी त्याच्यावर तोंड टाकलं. त्याने आधी माझ्या मोरीतलं पिंप उघडलं. लेकीला आंघोळीला पाणी कमी पडू नये म्हणून मी ते मुद्दाम आणलं होतं. त्यात अळ्या वळवळत होत्या. नोटीस मला मिळाली. खड्ड्याचं काय, विचारलं तर म्हणाला, “तिथं आत सोडत नाहीत, मावशी.”

लाज वाटली आणि संतापही आला. नळाला पाऊण तास पाणी देणार, वर पिंप भरलं म्हणून गुन्हेगार आम्हीच.

मुलगी झाली, वजनाने थोडी कमी, पण ठणठणीत. डॉक्टरबाईंचे उपकार मी विसरणार नाही. मायलेकींची जी-सिक्स-पीडी तपासणी झाली, म्हणजे प्रायमाक्विन आईच्या आणि दुधातून बाळाच्या रक्ताला सोसेल का ते पाहिलं. मग श्रद्धाचा चौदा दिवसांचा कोर्स सुरू झाला.

तिला लालबागला परत आणायला मी नाही म्हटलं, हॉस्पिटलातून थेट तिच्या सासरी नेलं. चाळीत कुजबुज झाली. आमच्यात आई लेकीच्या सासरी पाणीसुद्धा पीत नाही. मी तिथे सव्वा महिना राहिले, दोन्ही वेळा पोटभर जेवले आणि रोज संध्याकाळी नातीची मच्छरदाणी स्वतःच्या हाताने खोचली.