वैशालीच्या अर्जाला जोडलेले कागद

मंगळवार, ४ जुलै २००६. सकाळी धुकं, दहानंतर ऊन, दोनच्या सुमारास पाऊस. टेबलाभोवती आम्ही चौघं.

माझ्या डायरीत असे मंगळवार बरेच साठले आहेत. किस्सा घडत असताना तो किस्सा आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही, सगळे कागदात डोकं घालून बसलेले असतात. घरी येऊन लिहायला घेतलं की हसू येतं.

अवोन्डेल या आमच्या इथल्या, परदेशातल्या उपनगराच्या कम्युनिटी हॉलमधलं ते टेबल. हेलन ही तिथली सोशल वर्कर. बर्वेकाका पुण्याला सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, आता इथे मुलाकडे असतात आणि भाषांतरं करतात. वैशाली आमची शेजारीण, वय सत्तावीस. नवरा मारायचा म्हणून मे महिन्यात घर सोडून ती माझ्याकडे राहायला आली. तिचं परमिट नवऱ्याच्या जोरावर होतं, ते ऑक्टोबरअखेर संपणार होतं. इथे अशा बायकांसाठी वेगळा अर्ज असतो. घरात मारहाण झाली हे दाखवायचं, आणि मायदेशी परत जाऊन राहणं कठीण आहे हेही दाखवायचं. नाही जमलं तर परतीचं तिकीट.

*

पहिला कागद म्हणजे तिची हकिकत. काय झालं ते तुझ्या शब्दांत लिही, असं हेलनने सांगितलं. वैशालीने चार पानं लिहिली. सासूबाई मनाने किती चांगल्या, नवऱ्याला कामाचा किती ताण, आमटीत गूळ कमी लागतो हे माहीत असून तिच्या हातून कसा जास्त पडला. मार आला तो चौथ्या पानाच्या शेवटच्या ओळीत: ‘मग त्यांनी ढकललं, पण फरशी मीच नुकती पुसली होती.’

काकांचं भाषांतर हेलनने शेवटपर्यंत वाचलं आणि शांतपणे विचारलं, “व्हिसा कुणाला हवाय? त्याला की तुला?”

मे महिन्यानंतर वैशाली तेव्हा पहिल्यांदा हसली. तिने नवीन कागद घेतला. या वेळी एकच पान झालं. त्यात गूळ नव्हता.

*

त्या पानाला काकांनी वर ‘रिस्पेक्टेड सर’ आणि खाली ‘युवर ओबीडियंट सर्व्हंट’ जोडलं. हेलनने दोन्ही खोडलं. अर्ज बघणारी बाई आहे, आणि वैशाली कुणाची नोकर नाही, असं तिचं म्हणणं.

काका दुखावले. “अहो, अडतीस वर्षं मी स्वतःला नोकर लिहितोय. अजून कुणी त्यावरून चहा मागितलेला नाही.”

*

लग्न खरं होतं याचाही पुरावा लागतो. म्हणजे मोडलं हे सांगण्याआधी झालं होतं हे सांगायचं. वैशालीने लग्नातला ग्रुप फोटो आणला. दोन्हीकडची मिळून तीस-पस्तीस माणसं, पण चेहऱ्यावर हसू एकाच्याही नाही.

हेलन बराच वेळ बघत राहिली. मग तिने हळूच विचारलं की त्रास तेव्हाच सुरू झाला होता का.

“नाही, नाही,” काका म्हणाले, “तेव्हा फक्त फोटोग्राफर सुरू झाला होता.”

*

ओळखीच्या लोकांची पत्रं हवी होती. इथल्या मराठी मंडळातल्या एका घराने दारातूनच सांगितलं, आमचं दोघांकडेही जाणं-येणं आहे, आम्हाला यात घेऊ नका.

दुसऱ्या एका वहिनींनी मात्र आनंदाने लिहून दिलं. ‘मुलगी शांत, मनमिळाऊ, वर्ण गव्हाळ. उंची पाच फूट तीन. पन्नास माणसांच्या पुरणपोळ्या एकटी करते.’

हेलनने वाचून विचारलं, “मी हिच्याशी लग्न करायचं आहे का?”

वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या की चांगलं लिहायचं म्हटलं की त्यांना एवढंच येतं. दुसरं पत्र हेलनने प्रश्न विचारून लिहून घेतलं. त्यात त्यांनी वैशालीच्या गालावरच्या वळांबद्दल लिहिलं, आणि शेवटी, हेलनला न विचारता, पुरणपोळ्यांबद्दलही.

*

पोलिसांना पहिल्या मारहाणीची तारीख हवी होती. वैशालीला ती आठवेना. मी मार्चची डायरी काढली.

‘रविवार, १२ मार्च. ऊन, जरा वारा. मार्केटमध्ये मेथी मिळाली, दोन जुड्या. पालक जून. वैशाली भेटली. मनगटाला पट्टी. पाय घसरला म्हणाली.’

हेलनने त्या पानाची कॉपी काढली आणि ती ‘स्वीट ॲज’ म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत झकास. पुराव्यात मेथीही गेली. पट्टीच्या आधी.

*

शेवटचा कागद अडला. परत गेली तर माहेरी काय परिस्थिती असेल, हे घरच्यांकडून लेखी हवं होतं. ‘येऊ नकोस’ असं लिहून दे, हे आईला सांगणं वैशालीला शक्य नव्हतं. तिने फोनवर एवढंच विचारलं की मी आले तर कसं होईल ते लिही. तीन आठवड्यांनी कराडहून पत्र आलं. पाकीट फोडायच्या आधीच ती म्हणाली, “काकू, आई ये म्हणणार. अर्ज संपला.”

काकांनी पत्र मोठ्याने वाचलं आणि एकेका वाक्याचं इंग्रजी करत गेले.

‘चि. वैशाली हिस अनेक आशीर्वाद. कसला अर्ज नि कसलं काय, सरळ निघून ये. घर तुझंच आहे. फक्त गणपतीत नको, पाहुणे असतात. दिवाळीनंतर धाकट्या पिंकीला बघायला येणार आहेत, तिचं ठरेपर्यंत थांब. स्टँडवर उतरू नकोस, बाबा अलीकडच्या नाक्यावर येतील. मंगळसूत्र घालून ये. जावई ऑस्ट्रेलियाला कामाला गेलेत असं आम्ही सांगितलं आहे, तूही तेच सांग. माडीवरची खोली झाडून ठेवली आहे. रस्त्याकडची खिडकी लावून घेतली की छान आहे. लोकांचं मनावर घेऊ नकोस. आपल्याकडे कुणी काही म्हणत नाही.’

वैशाली म्हणाली, “बघा, बोलावलंय तिने.”

हेलनने काकांना शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. त्यांनी वाचलं. ती उठली आणि तिने अर्जाला जोडायला पत्राच्या दोन कॉपी काढून आणल्या.

गुरुवार, १९ ऑक्टोबर. अर्ज मंजूर. वैशालीला कायम राहण्याची परवानगी.