नातेवाईक नसलेला रस्ता

बेंगळूरच्या शिवाजीनगरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका दुकानात सयाजीराव कापड कापायचे. आठवडाभर कात्री आणि रविवारी सायकल, असा त्यांचा संसार होता. सोयराबाई, म्हणजे त्यांची बायको, या संसारात आपण नेमक्या कुठे बसतो असं अधूनमधून विचारायची. पण तोवर सयाजीराव हेब्बाळचं तळं ओलांडून देवनहळ्ळीच्या दिशेला लागलेले असत. द्राक्षांचे मळे, नाचणीची शेतं, तुतीची हिरवी रानं. वाटेत एखादी बैलगाडी दिसली की बैलांनाही घंटी वाजवून नमस्कार.

रस्ता निवडायची त्यांची एक पद्धत होती. बाकीचे लोक चढ बघतात, खड्डे बघतात. सयाजीराव बघत, त्या रस्त्यावर आपलं कोण राहतं. त्यांच्या पूर्वजांनी तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून इकडे येऊन मुलूख किती जिंकला ठाऊक नाही, पण सोयरीक मात्र गावोगाव करून ठेवली होती. सोयऱ्याच्या दारावरून न थांबता जाणं म्हणजे अपमान. थांबणं म्हणजे नाचणीचा मुद्दा, म्हणजे उकडलेल्या पिठाचा गोळा, रस्सा, सगळ्या खानदानाच्या गुडघ्यांची चौकशी आणि वर सक्तीची झोप. नंदीच्या डोंगराच्या पायथ्याला म्हणून निघालेले सयाजीराव आत्याच्या घरून संध्याकाळच्या बसने, सायकल टपावर टाकून, ढेकर देत परतल्याचे प्रसंग घडले होते. तेव्हापासून शांत रस्ता म्हणजे नातेवाईक नसलेला रस्ता, ही त्यांची व्याख्या पक्की झाली.

१९९४ साली त्यांच्या लेकीला, रक्षिताला, एक स्थळ आलं. मुलगा अभिराज रेल्वेत होता, के. आर. पुरमला खोली घेऊन राहायचा; त्याचे आईवडील कुठल्या गावी असतात हे सयाजीरावांनी विचारलंच नव्हतं. आधीच्या सगळ्या मुलांना नाकं मुरडणारी रक्षिता एका लग्नात त्याच्याशी दोन शब्द बोलली होती आणि तेव्हापासून घरात गुणगुणत फिरत होती. पुढच्या रविवारी मुलाकडचे येणार होते. सोयराबाईने फर्मान काढलं, "ते लोक येऊन जाईपर्यंत ती हाफ पँट बाहेर दिसता कामा नये."

ही हाफ पँट सयाजीरावांनी स्वतः शिवली होती. मुलींच्या गणवेशातलं उरलेलं गडद हिरवं कापड, आणि बसायच्या जागी, खोगिराचा त्रास नको म्हणून, बायकांच्या ब्लाऊजच्या खांद्यांत घालायच्या गाद्या. मागून बघणाऱ्याला वाटे, एखादी शाळा सायकलवरून चालली आहे.

पण त्याच्या आधीचा रविवार उजाडला आणि सयाजीरावांचे पाय ऐकेनात. एकही नातेवाईक नसलेला एक कोरा रस्ता त्यांनी हेरून ठेवला होता. गेले. देवनहळ्ळीच्या अलीकडे एका द्राक्षमळ्यापाशी चाक पंक्चर झालं. जवळच्या घराच्या कट्ट्यावर एक बाई पावटे सोलत होत्या.

"बन्नी अण्णा, या, बसा. उन्हात काय उभे राहता?"

मराठी ऐकून सयाजीरावांनी खरं तर सावध व्हायला हवं होतं. पण घसा कोरडा होता. त्यांनी तांब्याभर ताक पोटात घातलं, बादलीच्या पाण्यात ट्यूब बुडवून पंक्चर काढलं. तोवर सगुणाबाईंनी, म्हणजे त्या बाईंनी, पान मांडलं होतं. वाफाळता मुद्दा, पावट्याचं सारू. भूक अशी लागली होती की नाही म्हणायलाही तोंड उघडेना.

"शिवाजीनगरचे का तुम्ही? पुढच्या रविवारी तिकडेच येतोय आम्ही. आमच्या अभिराजसाठी मुलगी बघायला. गणवेशाच्या दुकानातल्या सयाजीरावांची. ओळखता?"

घास बोटांतच राहिला. "ओळखतो की."

"माणूस कसा आहे? डोकं स्वल्प फिरलंय म्हणतात. सायकलवरून रानोमाळ भटकतो म्हणे."

"छे छे! देवमाणूस!" हिरव्या हाफ पँटवर उपरणं ओढत सयाजीराव म्हणाले. "शांत, अबोल, निर्व्यसनी. सायकल काय, बाजारापुरती."

"तुमचं नाव?"

"खंडोजी," सयाजीरावांनी वडिलांचं नाव ठोकून दिलं.

आता प्रश्न घासाचा होता. लेक द्यायच्या घरी, तिला मूल होईपर्यंत, बापाने जेवायचं नाही, ही घराण्याची रीत. समोर मुद्दा वाफाळतोय, पोटात कावळे ओरडताहेत. सयाजीरावांनी घास पानात ठेवला, पोटात कळ आल्याचं सांगितलं आणि उठले.

सगुणाबाईंनी पानाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "सरी, बरं तर," एवढंच म्हणाल्या.

घरी सगळं सांगावंच लागलं.

"ताक प्यालात? त्यांच्याकडचं?" सोयराबाई किंचाळली.

"ते कळायच्या आधी प्यालो गं."

"आणि ती चड्डी? ती बघितली त्यांनी?"

"चड्डी माझ्याबरोबरच होती."

रक्षिता त्या रात्री न जेवता झोपली, आणि तिचं गुणगुणणं थांबलं. तेवढ्याने सयाजीराव मेल्याहून मेल्यासारखे झाले. आठवडाभर त्यांनी शर्टांच्या बाह्या उलट्या कापल्या. शनिवारी, तरुणपणापासून जपलेली झुबकेदार मिशी काढून टाकली.

रविवारी पाहुणे आले, सगुणाबाई, त्यांचे यजमान आणि अभिराज. सयाजीराव धोतर, कोट, फेटा अशा थाटात, नजर जमिनीला लावून बसले. सगुणाबाईंनी त्यांना निरखून बघितलं.

"आमच्याकडे एक खंडोजी येऊन गेले. तुमची फार तारीफ केली हो त्यांनी." मग थोडं थांबून, "मिशी मात्र छान होती त्यांची."

सयाजीरावांनी हात जोडले. "चुकलं माझं. राग माझ्यावर काढा, पोरीवर नको."

"राग कसला? भुकेने डोळे खोल गेलेला माणूस, अभिराजचं नाव ऐकलं आणि पानावरून उठला. असा उठणारा मुलीचा बापच, दुसरा कोण? त्याच रात्री मी यांना सांगितलं, मुलगी रविवारी बघू, बाप बघून झाला. माणूस थापाड्या आहे, पण घर चांगलं आहे."

आत कॉफीचे पेले खडखडले. रक्षिता पेल्यांचं तट्ट, म्हणजे तबक, हातात धरून इतकी हसत होती की सोयराबाईला ते काढून घ्यावं लागलं. अभिराज रुमालात तोंड लपवून तेच करत होता. सयाजीरावांनी फेटा काढला. मग नसलेल्या मिशीवरून सवयीने हात फिरवला.

लग्न झालं. त्या कोऱ्या रस्त्यावर आता नातेवाईक झाले होते, तेही जवळचे. पण सयाजीरावांना लवकरच उमगलं की रस्ता मुळीच बिघडलेला नाही. रक्षिता आणि अभिराज रविवारी मळ्यावर येत. सयाजीराव दारात सायकल लावत, कट्ट्यावर बसून लेकीशी गप्पा मारत, आणि सगुणाबाई हात चोळत बघत राहत, कारण रीतीपुढे त्यांचं काही चालत नसे. अख्ख्या तालुक्यात सयाजीरावांना जेवायचा आग्रह करता न येणारं ते एकमेव सोयऱ्यांचं घर होतं. दुपारच्या आत ते शिवाजीनगरला पोहोचत, हलक्या पोटाने.

पुढे रक्षिताला मुलगा झाला आणि रीत फिटली. त्या रविवारी सगुणाबाईंनी सगळा हिशेब चुकता केला. सयाजीराव संध्याकाळच्या बसने परतले. सायकल टपावर, हाफ पँटचं बटण उघडं, आणि चेहऱ्यावर, नव्याने वाढलेल्या मिशीखाली, पसरलेलं हसू.