चार ओळींचं मत

मीनाक्षी सबनीस विलायतेत एजवेअरला जन्मली, तिथेच वाढली, आणि वयाची अठ्ठेचाळीस वर्षं भुताखेतांवर विश्वास न ठेवता सुखाने जगली. आजही ती भुतं मानत नाही. पण मागच्या ऑक्टोबरात तिने घरातल्या सगळ्या पांढऱ्या चादरी पिशव्यांत भरून चॅरिटी शॉपला देऊन टाकल्या. जिन्याखालच्या रेडिएटरवर चादर वाळत असली की तिला तिथे एक बाई पाठमोरी उभी दिसायची. तनू, तिची मुलगी, हसली. "मम, यू आर लूझिंग इट," म्हणाली. मीनाक्षीला हसू आलं नाही, कारण त्या बाईचं नाव तिला ठाऊक होतं.

मीनाक्षी व्हिसाच्या खात्यात नोकरी करायची. बावीस वर्षं झाली होती. बाहेरच्या देशातून कुणाला येऊ द्यायचं आणि कुणाला नाही हे ठरवणाऱ्या शेकडो माणसांपैकी ती एक. मीनाक्षी दुष्ट नव्हती, हे आधीच सांगायला हवं. कामाला वाघ, कागद दोनदा वाचणारी, फोनवर कुणी रडायला लागलं तर "टेक युअर टाइम" म्हणून थांबणारी. तिच्या हातून जे झालं ते दुष्टपणाने झालं असतं तर तिला झोप तरी लागली असती.

पूर्वी परदेशातल्या चालीरीतींबद्दल शंका आली की खातं बाहेरच्या जाणकारांना विचारायचं. ते आठवड्याभरात दोन पानी अहवाल पाठवायचे. मग संसदेत जुंपली. एक बाजू म्हणे, आधी येणाऱ्यांचा आकडा खाली आणा, मग खात्याला पैसे. दुसरी म्हणे, आधी पैसे सोडा, मग साठलेल्या फायली हलतील. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात, इथे तिसऱ्याच्या गळ्याला फास लागला. जाणकारांचा करार संपला तो कुणी नवा केला नाही. अपिलं ऐकायचे दिवस निम्म्यावर आले. आणि टीव्हीवर दोन्ही बाजूंचे लोक रोज तावातावाने जिंकत राहिले.

अशा दिवसांत, त्या ऑक्टोबरच्या दोन वर्षं आधी, मॅनेजर तिच्या डेस्कशी आला. हातात एक फाइल. हाउन्सलोचा राकेश, एअरपोर्टवर सामान चढवणारा, इथला नागरिक. त्याची बायको सीमा नागपूरला शाळेत शिकवते, तिला इथे यायचंय. लग्नाच्या नोंदणीचा दाखला होता, पण दाखले कुठेही मिळतात अशी खात्याची समजूत, म्हणून लग्नाचे फोटो आणि सीमाचा फोनवरचा जबाबही होता.

"यू आर फ्रॉम देअर," मॅनेजर म्हणाला. "हे खरं लग्न वाटतं का, एवढं सांग."

ती 'देअर' कधी राहिलीच नव्हती. तिचा महाराष्ट्र म्हणजे एजवेअरच्या हॉलमधला गणपती, पुण्याच्या चार चुलत बहिणींची लग्नं, आणि आई. आई सणावाराला तिच्या अंगावर पांढरा कुर्ता दिसला की ओरडायची, "बदल आधी ते! सवाष्णीनं पांढरं घालतात होय?" एवढ्या भांडवलावर मीनाक्षी जाणकार झाली. आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला काही ठाऊक आहे असं धरून चाललं होतं.

फोटोत नवरी पांढऱ्या साडीत. नवरा पांढऱ्या शर्टात. होम नाही, भटजी नाही, अंतरपाट नाही. टेबलावर दोन तसबिरी, मेणबत्त्या, फुलं. जबाबात प्रश्न होता, सप्तपदी किती वाजता झाली? सीमाचं उत्तर होतं, "सप्तपदी नव्हती." मीनाक्षीने दहा मिनिटांत चार ओळी लिहिल्या. हे छायाचित्र महाराष्ट्रीय विवाहाचं वाटत नाही. पांढरा रंग आमच्यात विधवेचा; कोणतीही नवरी पांढरं नेसत नाही. विवाहातला मुख्य विधी झाला नसल्याचं अर्जदार स्वतःच सांगते. सोहळा फोटोपुरता उभा केलेला असावा. मग ती कॉफी आणायला गेली.

अर्ज नामंजूर झाला. ती विसरली.

मागच्या ऑक्टोबरात तनूची कॉलेजातली मैत्रीण सान्वी हिचं लग्न होतं, हाउन्सलोच्या एका कम्युनिटी हॉलमध्ये. मीनाक्षी जांभळी पैठणी नेसून गेली. खुर्चीत टेकते न टेकते तोच दार उघडलं आणि सान्वी आत आली. पांढरी साडी. बारीक निळा काठ. समोर टेबलावर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या. सगळे उभे राहिले, हात जोडून एका सुरात त्रिशरण म्हणू लागले. नवरानवरीने एकमेकांना वचनं दिली, हार घातले, वरून पाकळ्या पडल्या. अर्ध्या तासात लग्न लागलं. मीनाक्षीला तो जुना फोटो आठवला.

शेजारी पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ होते, सुखदेव. तिथल्या बौद्ध संस्थेचं सगळं तेच बघायचे. तिने आपल्या मोडक्या मराठीत विचारलं, "अंकल, सप्तपदी नंतर असतो का?"

"आमच्यात नसते, ताई," सुखदेव म्हणाले. "बाबासाहेबांसोबत धम्म घेतला तेव्हा आमच्या आजोबांनी ते सगळं मागे ठेवलं. पांढरं म्हणजे स्वच्छ. एवढंच." मग हळूच म्हणाले, "इथल्या ऑफिसला नाही समजत हे. आमच्या चंदाबाईंची सून दोन वर्षं अडकलीये यापायी. त्या बघा, खिरीपाशी बसल्यात त्या."

एक किरकोळ, सावळी म्हातारी पाहुण्यांना वाट्या भरून देत होती. मीनाक्षीच्या हातातही तिने वाटी दिली. "घ्या की, लाजता काय," म्हणाली. मीनाक्षीने ती खीर गाडीत बसून, रडत खाल्ली. टाकून द्यायचा धीर झाला नाही.

सोमवारी तिने नियम मोडून फाइल उघडली. अपील तीनदा पुढे ढकललेलं. न्यायाधीश होते, खोल्या होत्या, दिवस नव्हते. राकेशच्या वकिलाचं ताजं पत्र होतं: चंदाबाईंचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस आहे, त्या भारतात जाऊन राहू शकत नाहीत, सुनेला येऊ दिलं नाही तर मुलाला आई आणि बायको यांतून एक निवडावी लागेल, आणि बायको आता थांबायला तयार नाही. मीनाक्षीचं मत मागे घेतलं गेलं तर आडवं येणारं दुसरं काहीच फाइलमध्ये नव्हतं.

ती मॅनेजरकडे गेली. तो वाईट माणूस नव्हता, पण घाबरला. "नॉट नाऊ," म्हणाला. "बजेटवर मतदान होऊ दे. आपल्याच माणसाने चूक केली हे बाहेर गेलं तर एक बाजू म्हणेल खातं निकामी आहे, दुसरी म्हणेल खातं बंद करा. आणि तू परवानगीशिवाय फाइल उघडलीस, हे मी ऐकलंच नाही."

मग ती घरी बसून मत मागे घेत असल्याचं कोर्टाला पत्र लिहू लागली. लिहायची, आणि खाली सही करायची वेळ आली की उठायची. घराचे हप्ते, तनूची फी, आठ वर्षांवर आलेली पेन्शन. माणूस कशाकशाला भितो! तीन आठवडे ते पत्र बिनसहीचं ड्रॉवरमध्ये राहिलं आणि तीन आठवडे ती बाई घरभर वावरली. रेडिएटरपाशी, बाथरूमच्या पडद्यामागे, भुयारी ट्यूब-गाडीच्या काचेत मीनाक्षीच्याच खांद्यामागे. तोंड कधी दिसायचं नाही. एकदा तर दिवसाढवळ्या, ऑफिसच्या जिन्यात, ती स्पष्ट मराठीत म्हणाली, "नव्हती." त्या दिवशी मीनाक्षीने सही केली.

सुखदेवांकडून पत्ता घेऊन ती हाउन्सलोला गेली. मंगळवार होता, सकाळचे अकरा. चंदाबाईंनी दार उघडलं. कोट बाहेर काढून खुर्चीवर ठेवला होता, हॉस्पिटलची गाडी यायची होती. मीनाक्षी उभ्यानेच सगळं बोलली. कोण आहे ती, काय लिहिलं, का लिहिलं. तिची मराठी जागोजागी अडखळली.

"माझी चूक झाला, आजी. मला माहीत नव्हता. हे पत्र मी साइन केलंय, कोर्टाला, माझ्या नावाने. राकेशला द्या. सीमा येईल आता."



"राकेश गुरुवारी नागपूरला गेला," चंदाबाई म्हणाल्या. "नोकरी सोडली. खोली रिकामी केली. सीमानं सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत या नाहीतर नका येऊ. मीच म्हटलं, जा."

गुरुवार. त्या गुरुवारी पत्र ड्रॉवरमध्ये होतं. त्याच्या आधीचे दोन गुरुवारही तिथेच होतं.

"मला पहिल्या दिवशीच समजलं होतं," चंदाबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही. "वकिलानं कागद वाचून दाखवला, मी म्हटलं, हे आपल्याकडच्याच कुणीतरी लिहिलंय. राकेश म्हणे, नाही आई, गोरा साहेब असेल. मी म्हटलं, गोऱ्याला पांढऱ्याचं काय वावडं? त्यांच्या नवऱ्या तर पांढऱ्यातच लग्न करतात. फोटो गोऱ्याच्या हाती गेला असता तर तो म्हणाला असता, ही नवरी आहे."

मीनाक्षीला हे दोन वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.

"पत्र ठेवा तिथं. सुखदेवभाऊ वकिलाला देतील. बघू काय होतंय ते."

बाहेर हॉर्न वाजला. चंदाबाई उठल्या. डायलिसिसच्या सुयांसाठी फिस्टुला केलेल्या हाताला बँडेज होतं, तो हात त्यांना नीट वर उचलता येत नव्हता. मीनाक्षी लगबगीने पुढे झाली, खुर्चीवरचा कोट उचलला आणि बाही उघडून धरली.

चंदाबाईंनी हात घातला नाही. रागावल्याही नाहीत. कोटाकडे पाठ करून, नजर दाराकडे लावून त्या उभ्या राहिल्या, आणि मीनाक्षी कोट धरून तशीच उभी राहिली. मिनिटभराने गाडीवाला आत आला, टक्कल पडलेला, लालबुंद चेहऱ्याचा इंग्रज. "मॉर्निंग, चांदा, माय लव्ह," म्हणत त्याने मीनाक्षीच्या हातातून कोट घेतला. चंदाबाईंनी वळून दुखरा हात सावकाश त्याच्या पुढ्यातल्या बाहीत घातला, दुसराही घातला, आणि त्याच्या दंडाला धरून त्या गाडीकडे निघून गेल्या.